थोडं थोडं उणं

मुलुंड पूर्वेला, बिनलिफ्टच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. वय 81. लग्न होऊन या शहरात आल्यापासून घरचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा. ऐकू कमी यायला लागलं तशा कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या. मग त्या ओट्यापाशी स्टुलावर बसून शिट्टीकडे बघत राहायच्या, वाफेचा फवारा उडाला की बोटावर एक मोजायच्या. पुढे मोतीबिंदू वाढला. पांढऱ्या टाइल्सवर पांढरी वाफ दिसेनाशी झाली. तेव्हा भिस्त नाकावर आली. शिजत आलेल्या डाळीचा वास कसा पालटतो यावरून त्या गॅस बंद करायच्या. मग वासही मंदावला. एकदोनदा भात लागला, एकदा कुकरमधलं पाणी पार आटलं, आणि सून म्हणाली, ‘‘अहो आई, राहू द्या आता, मी बघते.’’ तेव्हापासून आजी स्वयंपाकघरात जातात ते फक्त पाणी प्यायला.

त्यांची फाइल मी पाहिली. कानाच्या डॉक्टरांनी लिहिलंय, वयोमानानुसार बहिरेपणा, मध्यम. डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहिलंय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दृष्टी 6/12. गुडघे झिजलेत, साखर आटोक्यात आहे. प्रत्येक कागद आपापल्या जागी खरा आहे. या बाईंना स्वयंपाक करता येईनासा झाला, हे मात्र एकाही कागदावर नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘स्वावलंबन’ हा विषय दिला आणि मी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या घरांमधून, ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकांमधून, दवाखान्यांच्या रांगांमधून हिंडले. म्हातारपणी माणूस परावलंबी होतो तो एखाद्या मोठ्या आघाताने, पक्षाघाताने किंवा खुबा मोडल्याने, असं आपण धरून चालतो. तसं होतंही. पण बहुतेक घरांत मला दिसलं ते असं मोठं काही नव्हतं. थोडे कान, थोडे डोळे, थोडे पाय, थोडी आठवण, सगळंच थोडं थोडं उणं. एक शक्ती उणी झाली की माणूस दुसरीच्या आधाराने निभावून नेतो, आणि बहुधा ते त्याचं त्यालाही कळत नाही. ती दुसरीही उणी झाली की मग पहिलीची खरी झळ बसते.

देवनारहून निघालेले प्रश्न

देशातल्या वयस्क माणसांची सगळ्यात मोठी पाहणी जिथून चालते ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था घाटकोपरपासून फार लांब नाही. देवनारला आहे, 1956 साली सुरू झालेली. या पाहणीचं नाव ‘लासी’. तिची पहिली फेरी 2017-18 साली झाली आणि अहवाल जानेवारी 2021 मध्ये आला. पंचेचाळिशीपुढच्या 72 हजारांहून जास्त लोकांना घरी जाऊन प्रश्न विचारले गेले. त्यांतले 31 हजारांवर साठी ओलांडलेले. पाहणी करणाऱ्यांनी हाताची पकड यंत्राने मोजली, ठरावीक अंतर चालायला लावलं, नजर तपासली, शब्द सांगून ते परत म्हणायला लावले.

मला त्यातल्या दोन साध्या याद्या महत्त्वाच्या वाटतात. पहिलीत सहा गोष्टी आहेत. कपडे घालणं, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं, अंघोळ, जेवण, अंथरुणातून उठणं, संडासला जाणं. अशी यादी पहिल्यांदा मांडली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या सिडनी कॅट्झ या डॉक्टरने, 1963 साली. त्याने एक गोष्ट टिपून ठेवली होती. ही कामं माणसाच्या हातून एका क्रमाने सुटतात, अंघोळ सगळ्यात आधी आणि हाताने जेवणं सगळ्यात शेवटी. दुसरी यादी घराबाहेर डोकावणारी. गरम जेवण रांधणं, खरेदी, फोन, औषधं वेळेवर घेणं, घरकाम, पैशांचे व्यवहार आणि अनोळखी ठिकाणी पत्ता शोधणं.

साठीपुढच्या दर चौघांतल्या एकाला पहिल्या यादीतलं निदान एक काम जड जातं, असं लासीत दिसलं. दुसऱ्या यादीतलं निदान एक काम जड जाणारे जवळपास निम्मे होते, 48 टक्के.

दुसरी यादी आधी का ढासळते, हे घरोघरी फिरल्यावर उमगतं. खरेदीला जायचं तर जिने उतरायचे, रिक्षा चुकवत रस्ता ओलांडायचा, भाव ऐकायचा, नोट ओळखायची, राहिलेले पैसे मोजायचे, पिशवी उचलून पुन्हा जिने चढायचे. पाय, कान, डोळे, डोकं, हात असे पाचही एका दमात लागतात. पहिल्या यादीतलं एखादं काम एका-दोघांवर भागतं, दुसरीतलं भागत नाही.

डोळ्यांनी ऐकणारी माणसं

बोरिवलीतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत मागच्या रांगेत बसले होते. वक्ते निवृत्तिवेतनाबद्दल बोलत होते, ध्वनिक्षेपक खणखणीत होता. शेजारचे काका सगळे हसले की हसायचे, टाळ्या पडल्या की टाळ्या वाजवायचे. सभा संपल्यावर त्यांनी मलाच विचारलं, ‘‘काय म्हणाले हो ते?’’ आवाज नीट येतो, शब्द कळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. वय झालेल्या कानांची हीच तक्रार असते. सगळा आवाज सारखा कमी होत नाही. आधी वरच्या पट्टीतले, बारीक सुराचे वर्ण जातात. स, श, फ, थ विरतात आणि आ, ओ, ऊ शाबूत राहतात. भाजीवाला ‘साठ’ म्हणाला की ‘आठ’, हे मग कळत नाही. घरचे ओरडून सांगतात तेव्हा स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात. म्हणून ‘‘ओरडू नकोस, नीट बोल’’ असं आजोबा वैतागून म्हणतात त्यात तथ्य असतं.

हुकलेली व्यंजनं माणूस समोरच्याच्या ओठांवरून भरून काढतो. कुणी शिकवावं लागत नाही. ओठ मिटले की प, ब, म यांपैकी काहीतरी, खालचा ओठ दाताला लागला की फ किंवा व. करोनाच्या काळात सगळ्यांनी मुखपट्ट्या लावल्या तेव्हा कितीतरी वयस्कांना आपल्याला कमी ऐकू येतं हे पहिल्यांदा कळलं, ते यामुळेच. आणि मोतीबिंदू पिकत जातो तेव्हाही नेमकं हेच होतं, फक्त हळूहळू. एखादी बाई ‘अलीकडे ऐकू कमी येतं’ म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जाते. कानाचा आलेख तर दोन वर्षांपूर्वीचाच निघतो. उणी झालेली असते नजर, आणि ते पाहणारा डॉक्टर वेगळ्या मजल्यावर, वेगळ्या वारी बसतो.

यातली पुढची पायरी मला फार अस्वस्थ करून गेली. अंधेरीत डी. एन. नगरला एका घरात मुलगा म्हणाला, बाबांना आता काही आठवत नाही, सांगितलेलं पाच मिनिटांत विसरतात. मी बाबांजवळ खिडकीच्या उजेडात, समोरासमोर बसून हळू बोलले. बाबांनी सकाळच्या नाश्त्यापासून 1982 च्या गिरणी संपापर्यंत सगळं सांगितलं. जे ऐकूच गेलं नाही ते लक्षात राहणार कसं? सगळीकडे असंच असतं असं मुळीच नाही. स्मृतिभ्रंश खराच असतो, आणि लासीच्याच पुढच्या अभ्यासातून साठीपुढच्या भारतीयांत त्याचं प्रमाण 7.4 टक्के असल्याचा अंदाज निघाला आहे. शिवाय कान आणि स्मृती यांचं नातं उलट बाजूनेही आहे. ‘लॅन्सेट’च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने टाळता किंवा लांबवता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणा धरला आहेच, आणि 2024 च्या अहवालात उपचार न केलेला दृष्टिदोषही त्यात घातला. पण ‘बाबा विसरतात’ असा शिक्का मारण्याआधी कान आणि डोळे तपासलेले असावेत, एवढं तरी प्रत्येक घराने स्वतःशी ठरवायला हवं. एकदा तो शिक्का बसला की घरातले बाबांना काही विचारतच नाहीत.

न्हाणीघरातलं अर्धं मिनिट

उपनगरातल्या जुन्या वन-रूम-किचनचं न्हाणीघर आठवून पाहा. एक माणूस जेमतेम वळेल एवढी जागा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी दोन-तीन इंचांचा उंबरा, खाली गुळगुळीत लादी, कोपऱ्यात बादली आणि प्लास्टिकचं स्टूल, भिंतीला टॉवेल टांगायचा दांडा. अंधेरी पूर्वेला एका आजींकडे ब्युरोमार्फत बारा तासांच्या ड्यूटीवर येणाऱ्या ताई आहेत. रोज सकाळी नालासोपाऱ्याहून लोकलने येतात. माणसं पडतात ती बहुतेक साबण लावताना, असं त्यांनी मला सांगितलं आणि न्हाणीघरात उभं राहून दाखवलंही. तोंडाला साबण लावला की डोळे मिटतात. डोळे मिटले की आजींचं शरीर पुढेमागे हलायला लागतं. हात टॉवेलच्या दांड्याकडे जातो. तो दांडा दोन स्क्रूंवर लावलेला, टॉवेलचा भार सोसणारा. माणसाचा भार पडला की भिंतीतून निघून हातात येतो.

डोळे मिटल्यावर असं का व्हावं? तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून खबर घेत असतं. एक डोळे, दुसरा कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि तिसरे पायांचे तळवे नि सांधे. तिन्हींपैकी एक गेलं तर उरलेल्या दोहोंवर निभतं. या आजींना वीस वर्षांचा मधुमेह. त्याने पायांच्या नसा बोथट झाल्यात, चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही. कानाच्या आतला अवयव वयानुसार मंदावलेला. राहता राहिले डोळे, आणि साबण लावताना तेही मिटलेले. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या मोरित्झ रॉम्बर्ग या डॉक्टरने नसा गेलेल्या रुग्णांत हेच पाहिलं होतं. उभं राहून डोळे मिटायला सांगितलं की ते डोलायला लागायचे. आजही मेंदूविकाराचे डॉक्टर ही तपासणी करतात आणि तिला त्याचंच नाव आहे. घरोघरच्या न्हाणीघरात ती रोज सकाळी होते, फक्त तिथे सावरायला डॉक्टर उभा नसतो.

ताईंनी त्यावर काढलेला उपाय साधा आहे. आधी स्टुलावर बसवायचं, स्टूल भिंतीला टेकलेलं हवं. तोंड धुवायचं ते शेवटी, आणि तेव्हा आजींचा एक तळवा भिंतीवर टेकलेला असला पाहिजे. भिंत हाताला लागली की शरीराला तिसरी खबर मिळते. ताईंनी हे कुठे वाचलेलं नाही, बारा-तेरा म्हाताऱ्या माणसांना सांभाळून कमावलेलं आहे. आपण अशा बायकांना ‘फक्त आया’ म्हणतो तेव्हा हे ज्ञानही त्यांच्याबरोबर बेदखल करतो.

पडण्याची दुसरी ठरलेली वेळ म्हणजे रात्री लघवीला उठण्याची. रक्तदाबाची गोळी, प्रोस्टेटची गोळी, झोपेची गोळी, तिन्ही आपापल्या जागी योग्य. पण झोपलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात घरात दिवा नाही, चष्मा उशाशी, गुडघा आखडलेला. रक्तदाब बसलेला असताना मोजला जातो, उभं करून क्वचितच. खरं तर उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजला तर हे लगेच सापडतं.

1997 साली स्वीडनच्या संशोधकांनी वृद्धांच्या चालण्याबद्दल एक निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. चालता चालता कुणी बोलायला लागलं की काही वृद्ध थांबतात आणि मगच उत्तर देतात. असे थांबणारे पुढच्या काही महिन्यांत पडण्याची शक्यता जास्त निघाली. चालणं हेच ज्यांच्यासाठी पूर्ण लक्ष घालून करायचं काम झालंय, त्यांना बोलण्यासाठी लक्ष उरत नाही. हे वाचल्यापासून मी संध्याकाळी फिरणाऱ्या आजी-आजोबांकडे वेगळ्या नजरेने बघते.

गोळ्यांचा डबा

घाटकोपरच्या पंतनगरात एकटे राहणाऱ्या एका आजोबांकडे दुपारी गेले होते. त्यांनी टेबलावर डबा ठेवला, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला, मुलीने पुण्याहून आणून दिलेला. तो भरायचं काम दर रविवारी. मी ते बघत बसले. पट्टीवरचं नाव वाचायला भिंग लागतं. भिंग एका हातात, पट्टी दुसऱ्या हातात, मग गोळी फोडायची कशाने? भिंग खाली ठेवून अंगठ्याने दाबायला जावं तर संधिवाताने अंगठ्यात जोर नाही. मग कात्री. कात्रीने पट्टी कापली की नावाचा अर्धा भाग कापला जातो, आणि पुढच्या रविवारी उरलेल्या अर्ध्या तुकड्यावर काय लिहिलंय ते भिंगातूनही कळत नाही. त्यात औषधवाल्याने या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी दिलेली. आजोबांची ‘गुलाबी गोळी’ आता पांढरी झालेली, आणि पांढरी गोळी म्हणजे त्यांच्या लेखी साखरेची.

साखरेची गोळी दोनदा गेली आणि जेवण कमी झालं तर काय होतं? साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. छातीत धडधड हा धोक्याचा इशारा, पण रक्तदाबाच्या काही गोळ्या तोच दाबून टाकतात. घरी कुणी असलं तर त्यांना वाटतं, आजोबा भ्रमात गेले. नजर, अंगठा आणि औषधवाल्याची बदललेली पट्टी, यांतलं एकही कारण इस्पितळाच्या कागदावर येत नाही.

आजोबांना हे सगळं ठाऊक आहे. ते पूर्वी बेस्टमध्ये हिशेबनीस होते, आकड्यांच्या बाबतीत काटेकोर. खाली औषधवाल्याला सांगून त्यांनी आता मोठ्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या चिकटवून घेतल्यात. सकाळच्या पट्टीवर लाल, रात्रीच्या पट्टीवर निळी. औषधवाल्याने ते आनंदाने केलं. पंतनगरात असे किती जण आहेत, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, मागणारे हेच एकटे.

चाळीस टक्क्यांची रेघ

सरकारी कागदावर ही सगळी माणसं कुठे बसतात? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. ऐकू कमी येणारा तो, ज्याच्या दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल उणीव आहे. अल्पदृष्टी तो, ज्याच्या चांगल्या डोळ्याला चष्मा लावूनही 6/18 च्या पलीकडे दिसत नाही. 55 डेसिबलचे कान आणि 6/12 ची नजर घेऊन जगणारी आजी दोन्ही रेघांच्या अलीकडे राहते. कानाच्या खिडकीवर ती धडधाकट, डोळ्यांच्या खिडकीवरही धडधाकट. सवलतींसाठी पुढे 40 टक्क्यांची अट आहेच.

दोन्ही दोष मोजण्याइतके असले तर ते एकत्र कसे करायचे याचं सूत्र ठरलेलं आहे. मोठा आकडा पूर्ण घ्यायचा. तो 90 मधून वजा करून उरलेल्याने लहान आकड्याला गुणायचं, 90 ने भागायचं, आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. तीस टक्के आणि वीस टक्के यांचे असे साधारण 43 टक्के होतात. साध्या बेरजेने 50 झाले असते. सूत्रामागचा विचार समजण्यासारखा आहे, नाहीतर पाच-सहा दोषांची बेरीज शंभराच्या पुढे जाईल. पण सूत्राची दिशा बघा. दोन उणिवा एकत्र आल्या की त्यांचा भार बेरजेपेक्षा कमी धरायचा.

घरात भार उलट दिशेने वाढतो, आणि तो मोजलेलाही आहे. येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात 72 वर्षांपुढच्या, आपापल्या घरी राहणाऱ्या लोकांचा अभ्यास 1995 साली प्रसिद्ध केला. त्यांनी चार उणिवा पाहिल्या. पायांची, हातांची, नजर-कानांची आणि मनाची, म्हणजे चिंता किंवा खिन्नता. एकही उणीव नसलेल्यांत पुढे परावलंबी झालेले 7 टक्के. एक असलेल्यांत 14. दोन असलेल्यांत 28. तीन किंवा चार असलेल्यांत 60. पायरीगणिक दुप्पट. मुलुंडच्या आजींच्या स्वयंपाकघरात जे घडलं त्याचाच हा हिशेब आहे, आणि आपल्या प्रमाणपत्रांचं गणित याच्याशी जुळवून घ्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायांना पाठ असलेलं घर

एक आधार असा आहे जो कुठल्याच तपासणीत मोजला जात नाही. तो म्हणजे सवयीची जागा. नजर गेलेल्या माणसाला आपल्या जिन्याच्या पायऱ्या किती ते पायांनी ठाऊक असतं. कुठल्या पायरीचा कोपरा तुटलाय, कोपऱ्यावरचा किराणावाला किती वाजता गर्दीतून मोकळा होतो, वॉचमनकडे बघून मान हलवली की तो रिक्षा थांबवतो, हे सगळं मिळून उपनगरातल्या वयस्क माणसाचं निम्मं स्वावलंबन होतं.

आणि आज ही उपनगरं सगळीकडून पुनर्विकासाला निघाली आहेत. पंतनगर असो, मुलुंड पूर्व असो की बोरिवलीतल्या जुन्या सोसायट्या, चार मजली बिनलिफ्टच्या इमारती रिकाम्या होतायत. नव्या इमारतीत लिफ्ट येणार, मोठा दिवाणखाना येणार, म्हणून वयस्क सभासदही सह्या करतात आणि त्यांचं चुकत नाही. पण मधली तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढायची असतात, बहुतेकदा दोन स्टेशनं पलीकडे. तिथे न्हाणीघर डाव्या हाताला असतं, उंबरा वेगळ्या उंचीचा, दिव्याचं बटन भलतीकडे. खालचा दुकानदार ओळखत नाही. घाटकोपरमधल्या एका काकू जुन्या घरी स्वतः दूध आणायला जायच्या, पासबुक भरायला जायच्या. भाड्याच्या घरात आल्यावर दोन महिन्यांत त्या दाराबाहेर पडेनाशा झाल्या. त्यांचे डोळे, कान, गुडघे होते तसेच आहेत. बिल्डरच्या करारात कार्पेट एरिया असतो, भाडं असतं, दिरंगाईचा दंड असतो. वयस्क सभासदांच्या भाड्याच्या घरात मुक्कामाआधी न्हाणीघराला मजबूत दांडे लावून द्यावेत, एवढं एक कलम कुणी घालत नाही.

स्टेशनचंही तसंच. वाचायला आणि लांब बघायला एकच दुहेरी भिंगाचा चष्मा असला की खालचा भाग वाचण्याच्या अंतरासाठी असतो. पुलाच्या जिन्यावरून उतरताना माणूस नेमका त्या खालच्या भागातून बघतो आणि पायरीची कड धूसर होते. गुडघा धड असता तर पाय चाचपून ठेवता आला असता. फलाट आणि गाडी यांच्यामधली पोकळी 2014 साली घाटकोपरला झालेल्या एका भीषण अपघातानंतर सगळ्यांच्या तोंडी आली आणि फलाटांची उंची वाढवण्याचं काम झालं. वयस्कांना त्याचा उपयोग झाला हे खरं. दहिसर ते अंधेरी मेट्रोही त्यांना मानवते. लिफ्ट आहे, गाडी आणि फलाट एका पातळीत आहेत, 65 पुढच्यांना पासात 25 टक्के सवलत आहे. तरीही बोरिवलीच्या एका काकांनी मेट्रो सोडली. का, तर लिफ्टपर्यंत पोचायला मेट्रोच्या बाहेरचा फुटपाथ पार करावा लागतो, आणि तो कधी खोदलेला असतो, कधी स्टॉलनी भरलेला.

कुठून सुरुवात करायची

हे सगळं ऐकून हताश व्हायचं कारण नाही. उणिवा एकमेकींना वाढवतात, तशी एक दुरुस्त झाली की दुसऱ्यांचाही भार हलका होतो. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमला केलेल्या आणि 2005 साली छापलेल्या अभ्यासात, पहिल्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर झालेल्या स्त्रिया, वाट पाहावी लागलेल्यांपेक्षा 34 टक्क्यांनी कमी वेळा पडल्या. गुडघे तेच, घर तेच. 2023 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत श्रवणयंत्रांचा स्मृतीवर काय परिणाम होतो ते पाहिलं गेलं. सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून जास्त धोका होता, त्यांच्यात तीन वर्षांत होणारी बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने कमी झाली.

सोयी आहेत, पण त्याही सुट्या सुट्या. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाणी आणि श्रवणासाठी 1983 पासून काम करणारी. तिथे कानांची नीट तपासणी होते. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 पुढच्या, दोन लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये थेट खात्यात मिळतात. काठी आणि खुर्ची त्यात येते. एका कानाचं बऱ्यापैकी डिजिटल यंत्र येत नाही. 70 पुढच्या सगळ्यांना 2024 पासून मिळू लागलेलं आयुष्मान कार्ड इस्पितळात दाखल झाल्यावर कामाला येतं. पडून खुबा मोडला तर खर्च निघतो, पडू नये म्हणून लावायच्या दांड्याचा निघत नाही. वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमाखाली सुरुवातीला जी आठ प्रादेशिक केंद्रं निवडली गेली त्यांत भायखळ्याचं जे. जे. होतं. बोरिवलीहून भायखळ्याला जायचं तर दादरला गाडी बदलावी लागते, आणि हे ज्याला जमतं त्याला त्या केंद्राची गरज बेताचीच असते.

म्हणून मला बोरिवलीतल्या त्या संघात एका निवृत्त परिचारिकाबाईंनी सुरू केलेलं काम सगळ्यात मोलाचं वाटलं. महिन्याच्या सभेआधी तासभर त्या एका कोपऱ्यात बसतात. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते बघतात. बारापेक्षा जास्त लागले तर वहीत खूण. पाठीमागे उभं राहून हळू आवाजात आकडे म्हणतात. औषधाची पट्टी हातात देऊन नाव वाचायला आणि गोळी फोडायला लावतात. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारतात. रक्तदाब बसून एकदा, उभं राहून दोनदा. सगळं मिळून एका माणसाला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. मग त्या घरच्यांना एकच गोष्ट सांगतात, आधी काय करायचं ती. कुणाला आधी डोळा, कुणाला आधी रात्रीच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारणं, कुणाला फक्त कानातला मळ काढणं. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या हातात घेऊन माणूस जिथे अडतो, तिथे या बाई त्याला एका कामाशी आणून सोडतात.

यंदा त्यांना एक नवी अडचण समजली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायला माणसं राजी असतात, पैशांचीही सोय होते, तरी तारीख पुढे ढकलतात. खोलात गेल्यावर कारण निघालं थेंबांचं. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे दिवसातून कित्येकदा डोळ्यांत थेंब घालावे लागतात. हात थरथरतो, बाटली पिळायला अंगठ्यात जोर नाही, कोणता थेंब कधी ते लक्षात राहत नाही, आणि मुलगा-सून सकाळी आठला घर सोडतात. मग संघाने पाळी लावली. ज्यांचे हात स्थिर आहेत अशा सभासदांनी इमारती वाटून घेतल्या. सकाळी दहाची आणि संध्याकाळी सहाची पाळी लगेच भरली. दुपारी दोनची वेळ सगळ्यांच्या वामकुक्षीची, तिथे नावं येत नव्हती. ती शेवटी बाईंनी स्वतःच्या नावावर लावून घेतली, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या तुकडीच्या तारखा दवाखान्याकडून पक्क्या करून घेतल्या.